नवसाची चांदी

पेरास्त, ३ मार्च १७३८

त्रिपोमामांना स्तानाचा नमस्कार.

हे पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा त्याला शिरक्याचा वास येईल. तुर्की मुलुखाला लागून असलेल्या गावचं पत्र, म्हणून रोगराईच्या भीतीने घाटावर ते सुईने भोसकतील, धुरावर धरतील. धुरावर धरणारा वाचेलही. वाचू दे मेल्याला. मी लिहिते आहे ते इथे सगळेच कुजबुजतात, फक्त मला ऐकू जाणार नाही अशा बेताने.

झानेला जाऊन आता सहा महिने झाले. 'सान रोको'वर तो कप्तान क्रस्तोच्या हाताखाली दुय्यम होता. ड्रिन नदीच्या मुखाशी वारा पडला, तुर्की उल्त्सिनच्या चाच्यांच्या दोन होड्यांनी जहाज गाठलं, हातघाई झाली. बाकीच्या खलाशांनी झानेला कठडा ओलांडून जाताना पाहिलं, पुढे बंदुकांचा धूर. बुडताना पाहिलं म्हणणारा एकटा क्रस्तो. आमच्या स्वयंपाकघरात त्याने उभ्याउभ्याच हे सांगितलं, टोपी पिळत. झानेचा चाकू टेबलावर ठेवला, डाव्या हाताने धरून धरून मूठ एकीकडे झिजलेला, आणि गेला. बसलासुद्धा नाही. माझ्या लग्नात झानेच्या बाजूने साक्षीदार म्हणून उभा राहिलेला माणूस, पेलाभर दारूही न घेता गेला.

आता खरं कारण सांगते. मीहोने मला मागणी घातली आहे. शिडं शिवणारा मीहो, तुम्ही त्याला लहानपणी पाहिलंय, तेव्हापासून त्याचे कान तेवढेच आहेत. परवा म्हणाला, "स्ताना, मी समुद्रावर जात नाही, मला उलटी होते. माझ्याशी लग्न केलंस तर निदान मी कुठे आहे ते तुला माहीत असेल." मामा, मी किती दिवसांनी हसले! मला त्याच्याशी लग्न करायचं आहे. पण कोटोरच्या बिशपसाहेबांची कचेरी म्हणते, नवरा मेल्याचं डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने शुभवर्तमानावर हात ठेवून शपथ घ्यायला हवी. पहिल्यांदा बोलावलं तेव्हा क्रस्तोला ताप आला. दुसऱ्यांदा त्याचं जहाज आदल्याच दिवशी निघून गेलं. गावभर झाने मेला म्हणून सांगतो, पण शपथ घ्यायची वेळ आली की दिसेनासा होतो.

आणि आणखी एक. त्या दिवशी सगळ्या खलाशांनी वाचलो तर बेटावरच्या देवळातल्या खडकावरच्या मातेला लढाईचं चित्र कोरलेला चांदीचा पत्रा वाहू असा नवस केला होता. बरेच दिवस उलटले, देवळात पत्रा नाही. आपल्याकडे कर्ज बुडवणारे आहेत, बायका बुडवणारे आहेत, पण मातेचा पत्रा बुडवणारा कप्तान तुम्ही कधी ऐकलाय?

सासूबाईंचं काय सांगू. समुद्रात गेलेल्या माणसाच्या घरची समुद्राकडची खिडकी वर्षभर बंद ठेवायची असते, तर नीकाआई ती रोज सकाळी सताड उघडतात. "आत धूर कोंडतो," म्हणतात. एकुलता एक मुलगा गेल्यावर माणसाचं डोकं थोडं हलणारच.

क्रस्तो मालासाठी व्हेनिसला येईल. त्याला गाठा. तुम्ही जन्मभर माणसांच्या डोळ्यांत बघून हवामान ओळखलं आहे.

तुमची
स्ताना

*

व्हेनिस, ४ एप्रिल १७३८

माझ्या पोरी,

तुझं पत्र आलं आणि शिरक्याच्या वासातसुद्धा मला आपल्या घाटावरचा वास आला: ओली दोरी, अंजिराची पानं, तळलेले मासे. इथे म्हाताऱ्या खलाशांच्या वसतिगृहात माझ्या खिडकीतून कालवा दिसतो. पाणी आहे, पण ते कुठे जात नाही. माझ्यासारखंच.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाक: क्रस्तो म्हणजे कुणी परका आहे ही. सेराफिन गुरुजींच्या शाळेत मी शिकलो, माझ्यानंतर वीस वर्षांनी तो शिकला, आणि त्याच बाकावर. गुरुजी आम्हाला नकाशाआधी कविता शिकवायचे. म्हणायचे, नकाशा चुकला तर जहाज बुडतं, कविता चुकली तर माणूस. सगळी पोरं हेलकावे खात म्हणायची आणि बाहेर पाणी ताल धरायचं.

आता कामाचं. क्रस्तो अजून आलेला नाही. पण मी विचार केला, नवस बोलला आहे तर पत्रा कुणाकडे तरी घडवायला टाकलाच असेल, आणि आपली माणसं चांदीचं काम एकाच गल्लीत देतात. गेलो. तिसऱ्या दुकानात बोर्तोलो नावाचा जाडा कारागीर भेटला. "पेरास्तचा कप्तान? उंच, जेवण न पचल्यासारखा चेहरा?" म्हणाला. "तयार आहे. नाताळच्या आधीपासून तयार आहे. न्यायलाच येत नाही. आणि घडवताना मात्र तीनदा परत केला! दरवेळी एकच, 'असं नव्हतं, असं नव्हतं.' मी म्हटलं, अहो, खाली कोण बारकाईने बघतंय, आणि वर देवाच्या आईला काय फरक पडतो? तर म्हणाला, तिलाच पडतो."

मग त्याने फडक्यातून पत्रा काढून दाखवला. पोरी, काम सुरेख आहे. वरच्या कोपऱ्यात ढगावर माता, कडेवर बाळ. मध्ये 'सान रोको', शिडं वाळत घातलेल्या कपड्यांसारखी लोंबणारी. दोन्ही बाजूंनी गोमेसारख्या वल्ह्यावल्ह्यांच्या त्यांच्या होड्या. मी पाहिलं आणि माझी जुनी जखम ठणकली. ते असेच येतात. वारा असतो तोवर मोठ्या जहाजाला कुणी हात लावू शकत नाही, आणि वारा पडला की ते कुठल्याशा टेकाडामागून वल्ही मारत येतात, अगदी निवांत, जणू मासळी बाजाराला निघालेत. आकडे टाकून दोर अडकवतात आणि मग तुमच्या डेकवर त्यांचे अनवाणी पाय वाजू लागतात. तो आवाज मी अजून ऐकतो. आम्हीही तरुणपणी त्यांच्या किनाऱ्यावर हेच करायचो, फक्त त्याला मोहीम म्हणायचो.

पण तुला जे सांगायचंय ते हे. पत्र्यावर आपली माणसं टोप्या घातलेली, त्यांची फेटे बांधलेली, सगळी तांदळाएवढी. त्यांच्यातला एक बोडकाच आहे, चांदी कमी पडली वाटतं, असं मी बोर्तोलोला म्हटलं तर त्याला राग आला. असो. आपल्या डेकवर मी एकेक माणूस न्याहाळला. मेलेला आडवा दाखवायचा आणि त्याच्यावर बारीक क्रूस कोरायचा ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. माझा भाऊ असाच आडवा आहे आपल्या देवळात, डाव्या भिंतीवर. इथे कुणीच आडवं नाही. पाण्यातही कुणी नाही. क्रूस नाही.

आता विचार कर. हा माणूस गावाशी खोटं बोलेल, माझ्याशी बोलेल, पण मातेपुढे ठेवायच्या चांदीवर त्याला खोटं सहन झालं नाही. म्हणजे झाने त्या लढाईत मेलाच नाही. मग कधी मेला? आणि कुणाच्या हातून? मला हे लिहायला आवडत नाही. पण क्रस्तो दारात आला तर एकटी असशील तेव्हा आत घेऊ नकोस.

गुरुजींच्या त्या दोन ओळी, नेहमीसारख्या:

सांग गे नावे, कुठे निघालिस, शिडात भरुनी वारा?
तुझियामागुन धावत येतो वेडा हा किनारा.

पुढचं कडवं आठवत नाही, ते आता आठवेल असंही वाटत नाही.

तुझा मामा
त्रिपो

*

पेरास्त, २८ एप्रिल १७३८

मामा,

तुमचं पत्र वाचलं आणि चुलीवरची मक्याची लापशी करपली तरी मला वास आला नाही. नीकाआईंनी येऊन भांडं उतरवलं. "कुणाचं पत्र?" म्हणाल्या. मी म्हटलं, मामांचं, कविता आहे. "त्यांना दुसरं येतं काय," म्हणाल्या आणि करपलेलं खरवडायला बसल्या.

आता मला सगळं आठवायला लागलंय, आणि जे आठवतं ते क्रस्तोकडेच बोट दाखवतं. निघायच्या आदल्या दिवशी घाटावरच्या दारूच्या दुकानात दोघांचं भांडण झालं होतं. दुकानवाल्या येलेने परवा सांगितलं. क्रस्तो ओरडला होता, "एक दिवस तू आम्हा सगळ्यांना बुडवशील!" आणि झाने हसत होता. झाने असाच हसायचा, नको तिथे. अठराव्या वर्षी उल्त्सिनवाल्यांनी त्याला पकडून नेलं होतं ना, दोन वर्षांनी अदलाबदलीत सुटून आला, तेव्हापासूनचं ते हसू. तिथे वल्ही ओढून त्याच्या पाठीवर वळ होते. पण तिथली भाषा शिकून आला होता, आणि त्यांचे व्यापारी तहाच्या दिवसांत आपल्या घाटावर कांदे आणि मेण विकायला यायचे तेव्हा हा त्यांच्यात जाऊन मांडी घालून बसायचा. क्रस्तोला ते खपायचं नाही. म्हणायचा, "ज्यांनी तुला चाबकाने मारलं त्यांच्याशी कसले रे विनोद करतोस?"

म्हणजे राग होता, मामा. जुना.

आणि क्रस्तो प्रत्येक खेपेनंतर सासूबाईंना पिठाचं पोतं आणून देतो. दाराशी ठेवतो, मान खाली, आणि जातो. मी त्यांना म्हटलं, हे पीठ घेऊ नका. "का?" म्हणाल्या. "भाकरी वाईट होते का त्याची?" आता मला त्या भाकरीचा घास गिळवत नाही, आणि त्या खिडकीशी बसून समुद्राकडे बघत खातात.

मीहोला मी सगळं सांगितलं. सांगायला नको होतं. त्याचे कान लाल झाले. कोटोरला जाऊन सरकारात खुनाची तक्रार देतो म्हणतो. मी त्याला थांबवून धरलंय, पण किती दिवस? उंदराला भिणारा माणूस असा पेटला की त्याला आवरणं कठीण.

क्रस्तो पाच दिवसांपूर्वी निघाला. त्याला विचारा. तोंडावर विचारा.

स्ताना

*

व्हेनिस, २६ मे १७३८

स्ताना,

क्रस्तो भेटला. बोलणं झालं. तो चांगला माणूस आहे. तू समजतेस तसं काही नाही. मीहोला सांग, तक्रार करू नकोस. लग्नाची घाई करू नकोस. क्रस्तोला काही विचारू नकोस. नीकाबाईंची काळजी घे.

मला थोडा खोकला आहे, जास्त लिहवत नाही.

मामा

*

पेरास्त, १७ जून १७३८

मामा,

खोकला? खोकल्याने माणसाच्या कविता जातात हे मला माहीत नव्हतं.

मला लिहायला वाचायला तुम्ही शिकवलंत. माझ्या आईच्या मरणाची बातमी तुम्ही लिहिलीत, त्यातही शेवटी त्या दोन ओळी होत्या. तुमचं जहाज फुटलं तेव्हाच्या पत्रात होत्या. या पत्रात नाहीत. "विचारू नकोस, करू नकोस, सांगू नकोस." हे माझे मामा नाहीत, हे कचेरीतले कारकून आहेत. काय पाजलं क्रस्तोने तुम्हाला? की धाक घातला? की तुमच्या गुरुजींच्या बाकावर बसलेला माणूस खुनी असूच शकत नाही, म्हणून तुम्ही डोळे मिटलेत?

तुम्ही दोघं मिळून काहीतरी लपवताय. पूर्वी एकाचा संशय होता, आता दोघांचा आहे.

मीहो आता ऐकत नाही. त्याने दिवस ठरवला आहे. बावीस जुलैला, दगडांच्या सणाला, सगळे पुरुष होड्या एकमेकींना बांधून मातेच्या बेटाभोवती दगड टाकायला जातील, तेव्हा क्रस्तोने सगळ्यांसमोर पाद्रीबाबांपुढे शपथ घ्यायची. नाही घेतली तर दुसऱ्या दिवशी तक्रार. सरकार आधी बेड्या घालतं आणि मग विचारतं, तुम्हाला ठाऊक आहे. क्रस्तोच्या चार मुलींचं काय होईल तेही ठाऊक आहे. धाकटी माझ्याकडे लेस विणायला शिकते. तिची बोटं बघताना मला रडू येतं आणि रागही येतो, तिचा नाही, कुणाचा ते कळत नाही.

मला खरं सांगा. ते काहीही असलं तरी मला माझं म्हणून हवंय. दुसऱ्यांनी माझ्यासाठी जपून ठेवलेलं नको.

स्ताना

*

व्हेनिस, ३ जुलै १७३८

पोरी,

तुझा राग बरोबर आहे. मी तुझ्यासाठी दार लावून घेतलं आणि समजलो की वारा थांबवला. हे पत्र क्रस्तोच्याच हाती देतो आहे, म्हणजे त्याला धुराचा वास येणार नाही आणि मधे कुणी वाचणार नाही. क्रस्तोला मी ते वाचून दाखवलं आहे. चांदीचा पत्राही तोच आणतो आहे.

त्या दिवशी आम्ही धक्क्यावरच्या दुकानात बसलो होतो, समोर खारवलेले मासे. मी म्हटलं, "क्रस्तो, झानेला तू मारलंस का?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला लाज वाटली.

"त्रिपोकाका," म्हणाला, "मारला असता तर बरं झालं असतं. मग मी सरळ पाद्रीबाबांपुढे जाऊन गुडघे टेकले असते. हे जे आहे त्याला कुठल्या खणात ठेवू?"

मग त्याने सांगितलं. वारा पडला होता. पहिली होडी डाव्या अंगाला भिडली, आकडे पडले, दोर ताणले गेले. आपल्या माणसांनी वरून दगड टाकले, उकळतं डांबर ओतलं. दुसरी होडी मागून फिरून येत होती. ती भिडली असती तर सगळं संपलं असतं. डेकवर त्यांची वीस-पंचवीस माणसं चढली होती, धूर इतका की स्वतःचा हात दिसेना. क्रस्तो मागच्या उंच डेकवर छोट्या तोफेपाशी होता. त्याने पाहिलं, झाने कठड्यापाशी गेला आणि चाकूने आकड्याचा जाड दोर कापायला लागला. क्रस्तो ओरडला, शाब्बास! दोर तुटला. झानेने चाकू कठड्यात खुपसला आणि उडी मारली. पाण्यात नाही. त्यांच्या होडीत.

"मला वाटलं, संपला," क्रस्तो म्हणाला. "आता त्याचे तुकडे करतील. पण त्यांच्यातला एक जण बाजूला झाला आणि झानेने सुकाणू धरलं. होडी आमच्यापासून लांब नेली, आणि ती दुसरीच्या वाटेत आडवी आली. दुसरीला थांबावं लागलं. तेवढ्यात जमिनीवरून झुळूक आली आणि आमची शिडं भरली. खाली आमची माणसं डेकवर उरलेल्यांना पाण्यात ढकलत होती. वर माझ्यासमोरचा धूर विरला तेव्हा तो तिथे उभा होता, बोडका, डावा हात सुकाणूवर, उजवा वर केलेला. काका, त्याने आम्हाला वाचवलं की तो आम्हाला सोडून गेला? मी रोज एकदा हे ठरवतो आणि रोज एकदा मोडतो."

आकड्याचा तुटका दोर आपल्या बाजूला राहिला आणि झाने त्यांच्या.

गावात काय सांगायचं? नीकाबाईंना सांगायचं की तुमचा मुलगा चाच्यांच्या होडीचं सुकाणू धरून गेला? म्हणून तो मेला म्हणाला. बोलून गेला. पण नवसाच्या चांदीवर त्याला ते कोरता येईना, आणि खरं कोरलेलं टांगता येईना.

मी एवढ्यावर विश्वास ठेवला नाही. तूच मला संशय घ्यायला शिकवलं आहेस. तुर्कांच्या वखारीत उल्त्सिनचा एक मेणाचा व्यापारी उतरला होता, त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, हो, आहे एक तुमच्याकडचा, आता युसूफ म्हणतात, किल्ल्याखाली राहतो, होड्या दुरुस्त करतो. बेड्या नाहीत. "कैद असेल," मी म्हटलं. तो हसला. "आजोबा, बायकोची कैद. पोरसवदा असताना वल्ह्यावर होता तेव्हा त्या घरची भाकरी खायचा." याहून जास्त मी विचारलं नाही. मला वाटलं, हे तुला कळलं नाही तर तू निदान विधवा राहशील. आणि विधवेला मीहो मिळू शकतो.

म्हणून त्या पत्रात ओळी लिहवेनात. गुरुजींच्या त्या नावेत मी जन्मभर परत येणारी माणसंच बसवत आलो. न येणारा माणूस त्या ओळींच्या शेजारी लिहायचा कसा?

क्रस्तो म्हणतो, तू सांगशील ती शपथ तो घेईल. आता ते तुझ्या हातात आहे.

तुझा
त्रिपोमामा

*

पेरास्त, २५ जुलै १७३८

मामा,

क्रस्तो एकवीस तारखेला दुपारी आला. यावेळी बसला. नीकाआई मासे साफ करत होत्या. मी म्हटलं, त्यांना बाहेर जायला सांगू का? तो म्हणाला, "राहू दे. मी कंटाळलोय लोकांना बाहेर पाठवून."

पत्रा त्याने टेबलावर ठेवला, झानेचा चाकू ठेवला होता त्याच जागी. मी तुमचं पत्र वाचलं. वाचून झालं तरी वर बघितलं नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "उद्या तू म्हणशील तसं. बुडताना पाहिला म्हणून शपथ घेतो. तुझं लग्न होऊ दे. नरकात माझी जागा आहेच, थोडा सरकून बसेन."

मामा, खरं सांगते, 'घे' हा शब्द माझ्या ओठावर आला होता. मीहोने माझ्यासाठी शिडाच्या कापडाचे पडदे शिवलेत, वेड्यासारखे जाड, वादळातही हलणार नाहीत असे. मी त्या पडद्यांचा विचार करत होते. कुणी हरामखोर उल्त्सिनला बायकोच्या हातची भाकरी खातोय आणि मी इथे बंद खिडकीमागे म्हातारी व्हायची? का म्हणून?

तेवढ्यात नीकाआईंनी ओले हात पदराला पुसले आणि पत्र्याशी आल्या. डोळे बारीक करून बघत राहिल्या. मग त्या बोडक्या माणसावर बोट ठेवलं.

"डाव्या हाताने धरलंय," म्हणाल्या. "पाद्रीबाबांनी छड्या मारून मारून हात सुजवला होता, तरी डाव्यानेच."

क्रस्तो रडायला लागला. एवढा मोठा माणूस, पोरासारखा.

मी विचारलं, "आई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"पीठ आणतो ना हा," त्या म्हणाल्या, "एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मेलेल्याच्या आईकडे लोक बघतात, अगदी टक लावून बघतात. बघवत नाही ते जिवंत माणसाच्या आईकडे." आणि पुन्हा माशांकडे वळल्या.

मी बराच वेळ त्या चांदीकडे बघत बसले. मला मीहोशी लग्न करायचं होतं ते याच देवळात, याच मातेपुढे. जिच्यापुढे क्रस्तोला तांदळाएवढा माणूस खोटा कोरता आला नाही, तिच्यापुढे मी उभी राहून मोठ्याने काय म्हणणार होते? मी क्रस्तोला म्हटलं, "शपथ नको. टांग."

बावीसला होड्या गेल्या, गाणी झाली, दगड पडले. आम्ही बायका काठावरून बघत होतो. क्रस्तोने शपथ नाकारली आणि पत्रा भिंतीला ठोकला, असं पोरांनी येऊन सांगितलं. दुसऱ्या सकाळी आम्ही बायका देवळात गेलो. तुमच्या भावाच्या पत्र्याच्या खालीच जागा मिळाली आहे. सगळ्या माना उंचावून बघत होत्या. येले म्हणाली, "हा बघा, एकाला फेटाच नाही. व्हेनिसचे कारागीर, चांदी चोरतात मेले." सगळ्या हसल्या.

मीहो कोटोरला निघायच्या कपड्यांत आला होता, तक्रारीला. माझ्या शेजारी उभा राहिला. हळूच विचारलं, "आणि हा बोडका कोण गं?"

"माझा नवरा," मी म्हटलं.

मोठ्याने म्हटलं. येलेचं हसणं अर्ध्यात थांबलं. नीकाआई माझ्या दुसऱ्या बाजूला होत्या, त्यांनी माझा हात धरला, आणि मामा, लग्नानंतर पहिल्यांदा धरला.

मीहो पत्र्याकडे बघत राहिला. त्याचे कान पुन्हा लाल झाले, पण रागाने नाही. "हात वर केलाय," म्हणाला. मग म्हणाला, "पडदे राहू दे तुझ्याकडे. जहाजाला तसेही नाही चालायचे, फार जाड झालेत." आणि कोटोरला न जाता घरी गेला. दुकानात त्याची सुई काल दिवसभर ऐकू येत होती.

आता गाव माझ्याशी जपून बोलतं. क्रस्तोच्या बायकोने अंजिरं पाठवली. धाकटी लेस शिकायला येते. पीठ क्रस्तोने आत आणून ठेवलं, वर बघून. आणि समुद्राकडची खिडकी आता मी उघडते, नीकाआई उठायच्या आधी. त्याची वाट बघत नाही, गैरसमज नको. तो आलाच तर दारातच विचारीन, तो हात निरोपाचा होता की बोलावण्याचा. आणि जे सांगेल त्यावर विश्वास ठेवणार नाही.

पुढच्या पत्रात शेवटी त्या दोन ओळी असू देत. नसल्या तर मी समजेन की उल्त्सिनहून तुम्हाला आणखी काहीतरी कळलंय.

तुमची
स्ताना